पावसाळी परसबाग आणि गोगलगायींचा बंदोबस्त

भाजीपाल्याच्या किडींचा विचार करताना मावा, तुडतुडे, अळ्या अशा कीटकांकडे जेवढे लक्ष जाते तेवढे गोगलगायींकडे जात नाही. त्यामुळे पावसाळ्यात वाफ्यातील रोपे एका रात्रीत नाहीशी झाली, की बहुतेक जण कीटकनाशकाची बाटली बाहेर काढतात आणि फवारणी करूनही दुसऱ्या दिवशी तोच प्रकार दिसल्यावर औषधच बनावट असल्याची शंका घेतात. वस्तुतः गोगलगाय हा कीटक नाही. ती मृदुकाय संघातील, म्हणजे हाडांचा सांगाडा नसलेल्या मऊ शरीराच्या प्राण्यांपैकी असून शिंपले, कालवे आणि माकूळ ही तिची दूरची भावंडे आहेत. साहजिकच कीटकांची शरीररचना डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेली बहुतेक औषधे नेहमीच्या मात्रेत तिचे फारसे बिघडवू शकत नाहीत. तिचा बंदोबस्त करायचा तर तिची नड कोणती हे आधी समजून घ्यावे लागते, आणि ती नड आहे पाण्याची.

जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायीची त्वचा ओलसर आणि उघडी असते, तिच्यातून पाणी सतत उडून जात असते, आणि त्यात भर म्हणजे चालण्यासाठीही तिला पाणी खर्च करावे लागते. पोटाखालच्या स्नायुमय तळव्यातून लाटांसारखी आकुंचने पुढे सरकतात आणि त्या तळव्याखाली ती श्लेष्मा, म्हणजे चिकट बुळबुळीत स्राव, पसरत जाते. हा स्राव बहुतांशी पाणीच असल्यामुळे कोरड्या, भुसभुशीत किंवा धुळीच्या जमिनीवरून थोडे अंतर कापणेही तिला महागात पडते. म्हणूनच ती रात्री, पहाटे किंवा ढगाळ पावसाळी दिवशी बाहेर पडते आणि ऊन वर येण्यापूर्वी दगडाखाली, कुंडीच्या तळाशी, विटांच्या ढिगात, केळीच्या सोपटात किंवा पालापाचोळ्यात शिरते. तिच्या तोंडात जिभेसारखी एक पट्टी असून तिच्यावर हजारो सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. ही पट्टी पुढेमागे घासून ती पानाचा गर खरवडते, आणि रोप अगदी कोवळे असेल तर देठासकट फस्त करते. शंख असलेली आणि बिनशंखाची असे जे दोन प्रकार बागेत दिसतात त्यांच्यात या बाबतीत फरक नाही. बिनशंखाच्या गोगलगायीला पाणी राखण्यासाठी शंखाचा आडोसा नसल्यामुळे ती ओलाव्याला अधिकच बांधलेली असते, एवढेच.

महाराष्ट्रातील बागांना सर्वाधिक उपद्रव देणारी शंखी गोगलगाय इथली नाही. लिसाकॅटिना फुलिका (जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका) या नावाने ओळखली जाणारी ही जात पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीची असून, तिथून मादागास्कर आणि मॉरिशसमार्गे ती भारतात पोचली. बंगालच्या मुलकी सेवेतील अधिकारी आणि शंखशिंपल्यांचे अभ्यासक विल्यम हेन्री बेन्सन यांनी १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या चौरंगी भागातील एका बागेत सुटल्या, अशी नोंद आहे. पुढे माती, रोपे, लाकूड आणि मालवाहतूक यांच्याबरोबर तिने देशाचा मोठा भाग व्यापला. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातील शंभर अतिघातक परक्या जातींची जी यादी केली आहे, तिच्यात या गोगलगायीचा समावेश आहे. महाराष्ट्रात ती आता केवळ परसबागेपुरती राहिलेली नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनवर तिचे थवेच्या थवे उतरले, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि राज्य सरकारला गोगलगायींच्या नुकसानीपोटी मदत जाहीर करावी लागली. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात असे घडेल, असे त्यापूर्वी फार थोड्यांना वाटले असेल.

ही जात ओळखणे अवघड नाही. पूर्ण वाढलेल्या शंखी गोगलगायीचा शंख निमुळता, टोकदार, सात ते नऊ वेढ्यांचा आणि तपकिरी रंगावर उभे गडद पट्टे असलेला असतो. त्याची लांबी सामान्यतः सात ते दहा सेंटिमीटर भरते, क्वचित त्याहून बरीच अधिक. याउलट नाण्याएवढ्या, चपट्या आणि चकचकीत शंखाच्या लहान गोगलगायी पावसाळ्यात भिंतींवर व शेवाळावर दिसतात, त्यांतल्या पुष्कळ देशी असून बुरशी, शेवाळ आणि कुजलेला पाला यांवर त्यांची गुजराण चालते. सह्याद्रीत तर जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या जाती आहेत. दिसेल त्या गोगलगायीला मीठ टाकून मारण्याची सवय म्हणून सोडलेली बरी. भाजीच्या वाफ्यात उपद्रव करणारी जात वेगळी आणि गटाराकाठच्या शेवाळावर जगणारी वेगळी, हा भेद ठेवला पाहिजे. बिनशंखाच्या गोगलगायींपैकी काळपट, चामड्यासारख्या पाठीची आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली लेव्हिकॉलिस अल्टे ही जात शहरी कुंड्यांत आणि रोपवाटिकांत वारंवार आढळते, आणि तीही मूळची आफ्रिकेतलीच आहे.

शंखी गोगलगायीचा जोर तिच्या प्रजननात आहे. प्रत्येक प्राण्यात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात, त्यामुळे कोणत्याही दोन गोगलगायी भेटल्या तरी वंश पुढे चालतो. शिवाय मिळालेले शुक्राणू शरीरात दीर्घकाळ साठवता येत असल्याने एकटी गोगलगाय नव्या जागी पोचली तरी तिथे नवी वसाहत सुरू होऊ शकते. एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत अंडी घातली जातात आणि वर्षात अशा अनेक खेपा होतात. साबुदाण्यासारखी दिसणारी, पांढुरकी पिवळसर अंडी मऊ ओल्या मातीत, दोन-तीन बोटे खोलीवर, पुंजक्याने घातलेली असतात, आणि ऊब व ओल यांनुसार एक ते तीन आठवड्यांत ती फुटतात. पिल्ले साधारण सहा महिन्यांत वयात येतात आणि पाच-सहा वर्षे जगू शकतात. पाऊस संपून माती कोरडी झाली, की ही गोगलगाय शंखात मागे सरकते, तोंडावर चुनखडीयुक्त पातळ झाकण तयार करते आणि खोडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत किंवा जमिनीखाली निपचित पडून राहते. या सुप्तावस्थेत ती कित्येक महिने काढू शकते. उन्हाळ्यात बाग मोकळी दिसते याचा अर्थ गोगलगायी मेल्या असा होत नाही, तर त्या पहिल्या दमदार पावसाची वाट पाहत असतात.

बंदोबस्ताचे सारे वेळापत्रक या एका गोष्टीवर उभे राहते. पहिल्या पावसानंतर सुप्तावस्थेतून बाहेर आलेल्या मोठ्या गोगलगायी आधी भरपूर खातात आणि नंतर अंडी घालू लागतात. या मधल्या अवधीत वेचलेली एक मोठी गोगलगाय म्हणजे पुढची काही शे पिल्ले टळणे होय. श्रावणात, पिल्ले सगळ्या बागेत पांगल्यानंतर सुरू केलेली मोहीम कितीही जोरात राबवली तरी ती मागे पडते. त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील हाताने वेचणी हा सर्व उपायांतला सर्वांत साधा, सर्वांत स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो, जरी दुकानात तो विकत मिळत नसल्यामुळे त्याची शिफारस कुणी फारशी उत्साहाने करत नाही.

वेचणीपूर्वी नुकसान गोगलगायीचेच आहे याची खात्री करून घ्यावी. पानावर अनियमित आकाराची मोठी भोके असतील, वाफ्यात किंवा भिंतीवर वाळलेल्या स्रावाचे चंदेरी पट्टे दिसत असतील आणि जवळपास वेटोळ्या दोरीसारखी विष्ठा पडली असेल, तर शंकेला जागा राहत नाही. अळीची विष्ठा सुट्या बारीक गोळ्यांची असते आणि ती चंदेरी माग ठेवत नाही. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन वाफ्यांतून फेरी मारली, की गुन्हेगार जागेवरच सापडतो.

रोज रात्री बागेत फिरणे सर्वांना जमत नाही, म्हणून सापळ्यांचा वापर करतात. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात असलेली जुनी पद्धत अशी, की गोणपाटाचे तुकडे गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेने अंथरावेत. आंबूस गोड वास, ओल आणि अंधार या तिन्हींच्या ओढीने गोगलगायी रात्रभर चरून पहाटे त्याखाली दडतात, आणि सकाळी ऊन चढण्याआधी गोणपाट उचलून त्या वेचता येतात. आंबण्याच्या वासाची ही ओढ जगभर अनुभवाला आली आहे. युरोपात याच कारणाने बिअरने भरलेली भांडी मातीत पुरतात. गुळाच्या पाण्यात चिमूटभर यीस्ट टाकल्यास गोणपाट अधिक काम देते. गोणपाट नसेल तर पपईची पाने, कोबीची बाहेरची जाड पाने किंवा कलिंगडाची पालथी घातलेली सालही चालते. मात्र संध्याकाळी अंथरलेले हे आच्छादन सकाळी न चुकता तपासले पाहिजे, कारण न तपासलेला सापळा म्हणजे गोगलगायींना बांधून दिलेले घरच होय, आणि नेमका इथेच बहुतेकांचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपतो.

वेचलेल्या गोगलगायींचे काय करायचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तसा तो नाही. पुष्कळ लोक त्या उचलून कुंपणापलीकडे भिरकावतात, पण आपल्या ठरलेल्या आसऱ्याला परत येण्याची प्रवृत्ती गोगलगायींत असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि त्या परतल्या नाहीत तर शेजाऱ्याच्या वाफ्यात जातात. त्या मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवाव्यात आणि नंतर चुना टाकून खोल खड्ड्यात पुराव्यात. हे मिठाचे पाणी वाफ्यात ओतू नये, कारण मिठाने माती खारावते आणि भाजीची मुळे होरपळतात. थेट वाफ्यातल्या गोगलगायीवर मीठ फेकण्याचा उपाय याच कारणाने बागेला महागात पडतो. नुसते पायाखाली चिरडून टाकणेही योग्य नाही, कारण पोटातली तयार अंडी मातीत राहू शकतात. मोकळे शंख उघड्यावर टाकले तर त्यांत पावसाचे पाणी साचून डास वाढतात, म्हणून तेही पुरावेत. सर्व काम हातमोजे घालून किंवा चिमट्याने करावे. त्यामागचे कारण पुढे येते.

अडथळ्यांच्या उपायांबद्दल घरोघरी जेवढा विश्वास आहे तेवढा पुरावा नाही. अंड्यांची टरफले, राख, कॉफीचा चोथा, तांब्याची पट्टी अशा वस्तू रोपाभोवती पसरल्या की गोगलगाय अडते, असे सांगितले जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या रोपांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफले, खडी, पाइनच्या सालीचे तुकडे आणि लोकरीच्या गोळ्या यांपैकी एकाही अडथळ्याने नुकसान लक्षणीय कमी झाले नाही. भारतात बांधाच्या कडेने कळीच्या चुन्याचा पट्टा ओढण्याची शिफारस केली जाते आणि ती कोरड्या उघडिपीत खरोखर उपयोगी पडते, कारण कळीचा चुना पाणी ओढून घेतो आणि त्वचेला दाहक असतो. पण पावसाची एक सर आली की तो विरतो, आणि पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची साधी चुनखडी होते. शंख बांधण्यासाठी शंखी गोगलगायीला कॅल्शियमची इतकी गरज असते, की घरांच्या भिंतींचा चुना आणि गिलावाही ती खरवडून खाते. तेव्हा जून झालेला चुन्याचा पट्टा किंवा टरफलांचा चुरा तिला अडवण्याऐवजी पोसण्याचीच शक्यता अधिक. चुना वापरायचाच तर उघडीप पाहून, दर सरीनंतर नव्याने आणि रोपाच्या मुळांपासून दूर टाकावा, शिवाय चुन्याने मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे प्रमाण, वाढते हे लक्षात ठेवावे. फळझाडांच्या खोडांना बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा, पट्टा देणे हा त्यामानाने टिकाऊ उपाय आहे.

पाणी देण्याची वेळ बदलणे हा असा उपाय आहे ज्याला एक पैसाही लागत नाही. संध्याकाळी पाणी दिलेला वाफा रात्रभर ओला राहतो आणि तीच गोगलगायीची चरण्याची वेळ असते. तेच पाणी सकाळी दिले, तर मातीचा वरचा थर दिवसभरात सुकतो आणि रात्री चालणे तिला कठीण होते. ठिबकने पाणी फक्त मुळाशी पडत असल्यामुळे वाफ्यांमधल्या वाटा कोरड्या राहतात, हा त्याचा आणखी एक फायदा. आच्छादनाच्या बाबतीत मात्र पेच आहे. पालापाचोळ्याचे आच्छादन मातीसाठी चांगले, गांडुळांसाठी चांगले आणि गोगलगायींसाठीही चांगलेच. त्यामुळे रोपे हातभर होईपर्यंत पावसाळ्यात वाफा उघडा ठेवावा आणि खोडे राठ झाल्यावरच आच्छादन पसरावे, ही तडजोड व्यवहार्य आहे. बागेतील विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या आणि टाकून दिलेले पत्रे मे महिन्यातच हलवले, तर त्याखाली निपचित पडलेल्या गोगलगायी दिवसाउजेडी, आयत्या हाती लागतात. कंपोस्टच्या खड्ड्याच्या कडाही त्याच वेळी तपासाव्यात.

एवढे करूनही उपद्रव आवरेना, तर गोळ्यांच्या आमिषाकडे वळावे लागते. भारतात यासाठी मेटाल्डिहाइड या रसायनाच्या अडीच टक्के गोळ्या मिळतात. त्या खाल्ल्यावर गोगलगायीच्या स्राव तयार करणाऱ्या पेशी उद्ध्वस्त होतात, स्राव अनावर वाहू लागतो आणि ती शोष पडून मरते. शेतीसाठी शिफारस एकरी २ किलोची असल्याने एक गुंठा परसबागेला जेमतेम ५० ग्रॅम पुरतात, आणि घरगुती बागेत प्रत्यक्षात मुठीमुठीने टाकल्या जाणाऱ्या गोळ्या या हिशेबाच्या अनेक पट असतात. गोळ्यांचे ढीग करू नयेत, त्या विरळ पसराव्यात, खाण्याच्या पानांवर पडू देऊ नयेत आणि कुत्री, मांजरे, कोंबड्या व लहान मुले यांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने कौलाच्या तुकड्याखाली ठेवाव्यात. कुत्र्याने त्या खाल्ल्यास त्याला झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना होणाऱ्या अपायामुळे ब्रिटनमध्ये मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा बाहेरील वापर ३१ मार्च २०२२ नंतर बंद करण्यात आला. तिथे त्यांची जागा फेरिक फॉस्फेटने, म्हणजे लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाने, घेतली आहे. ते खाल्लेली गोगलगाय लगेच मरत नाही, पण खाणे थांबवते आणि आडोशाला जाऊन मरते. ते मिळत असेल तर परसबागेसाठी तेच निवडावे. कोंडा आणि गूळ यांत तीव्र कीटकनाशक कालवून घरी तयार केलेली आमिषे मात्र भाजीच्या वाफ्यात, घराच्या इतक्या जवळ, कधीही वापरू नयेत.

नैसर्गिक शत्रू आणून सोडण्याची कल्पना मोहक असली तरी तिचा इतिहास शोचनीय आहे. हवाई बेटांवर शंखी गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी १९५५ मध्ये युग्लँडिना रोझिया ही दुसऱ्या गोगलगायींना खाणारी गोगलगाय आणली गेली, आणि १९७० च्या दशकात तीच ताहिती व मोरेआ या बेटांवर सोडण्यात आली. तिने मोठ्या आफ्रिकन गोगलगायींपेक्षा तिथल्या पार्ट्युला कुळातील इवल्याशा देशी गोगलगायींचा फडशा पाडला, आणि त्यांतल्या अनेक जाती निसर्गातून नामशेष झाल्या. काही केवळ प्राणिसंग्रहालयांत जपल्यामुळे वाचल्या. महाराष्ट्रात असे काही बाहेरून आणण्याची गरजही नाही. भारद्वाज पक्षी गोगलगायी आवडीने खातो, बदके पाळणाऱ्यांच्या वाड्यात लहान गोगलगायी टिकत नाहीत, आणि भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये ज्यांचा लखलखाट पाहायला लोक शहरांतून जातात त्या काजव्यांच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगायींवरच वाढतात. सरसकट विषफवारणीने गोगलगायींआधी हे सोबती संपतात.

आता हातमोज्यांचे कारण. शंखी गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस या सूत्रकृमीची मधली यजमान आहे, म्हणजे उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या या कृमीच्या वाढीचा एक टप्पा गोगलगायीच्या शरीरात पुरा होतो. अशी गोगलगाय कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ली, अथवा तिची बारीक पिल्ले चिकटलेली पालेभाजी न धुता कच्ची पोटात गेली, तर हा कृमी माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून मेंदूज्वराचा एक प्रकार घडवू शकतो. हा आजार विरळ आहे आणि शिजवलेल्या भाजीतून तो होत नाही. तरीही पावसाळ्यात कोबी, लेट्यूस, कोथिंबीर यांची पाने सुटी करून वाहत्या पाण्यात एकेक धुणे, आणि गोगलगायी वेचणाऱ्या मुलांचे हात साबणाने धुवून घेणे, एवढी काळजी पुरेशी ठरते.

ज्यांच्या बागेत ही गोगलगाय अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी तिचा रस्ता बहुधा रोपवाटिकेतूनच येतो. आणि एकदा आली की ती सहज जात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आणलेल्या तीन गोगलगायी बागेत सोडल्या गेल्या. त्यांच्या वंशजांचा नायनाट करण्यासाठी सुमारे दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर लागले. २०११ मध्ये ती मायामीत पुन्हा सापडली, २०२१ मध्ये तिचे पुन्हा उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्याच वर्षी ती त्याच राज्याच्या दुसऱ्या परगण्यात आढळली. म्हणून विकत आणलेली कुंडी किंवा रोपाची पिशवी वाफ्यात ठेवण्यापूर्वी तिचा तळ उलटा करून पाहावा, माती बोटभर उकरून अंड्यांचा पुंजका नाही ना हे तपासावे, आणि शेणखताची किंवा लाल मातीची गाडी आली तर ती वाफ्यात पसरण्याआधी आठवडाभर बाजूला उन्हात पातळ थरात सुकू द्यावी.